विद्यार्थ्यांचा पाठीराखा

परळ हा मुंबईतील गिरणी-कामगारांच्या वस्तीचा भाग. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील डबक चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब राहत असे. खोली एकच. स्वयंपाक तेथेच, बसणे-उठणे तेथेच आणि रात्री अंथरुणेही तेथेच. एका कोपऱ्यात जाते, दुसरीकडे सरपण, आणि पायांशी बांधलेली एक शेळी. अशा खोलीत दिवसा अभ्यास होणे शक्य नव्हते. म्हणून सुभेदारांनी एक युक्ती योजली. ते आपल्या धाकट्या मुलास संध्याकाळीच झोपवीत, आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसत. दोन वाजले म्हणजे मुलाला हलवून उठवावयाचे, दिवा त्याच्या स्वाधीन करावयाचा आणि त्याच जागी आपण आडवे व्हावयाचे. चाळ निजलेली असे, गिरण्यांचे भोंगे सुरू व्हावयास अवकाश असे, आणि तो मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचीत राही.

हा मुलगा म्हणजे भीमराव. पुढे सारा देश ज्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखू लागला, ते हेच.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. रामजी व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. त्या काळी ज्यांना अस्पृश्य लेखले जाई, अशा महार समाजात हे घराणे मोडत होते. सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पेन्शन घेतल्यावर ते प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास येऊन राहिले. साताऱ्यासच भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. बसण्यासाठी घरून तरटाचा तुकडा न्यावा लागे, आणि शाळा सुटल्यावर तो परत आणावा लागे. तहान लागली तर शाळेतील शिपाई वरून पाण्याची धार धरी, तेव्हा ओंजळीने प्यावयाचे. शिपाई रजेवर असला की दिवसभर पाणी नाही. दहा वर्षांच्या मुलाने अशा शाळेला कंटाळून ती सोडून दिली असती, तर त्यात नवल वाटले नसते.

ती त्याने सोडली नाही, यात सुभेदारांचा वाटा मोठा होता. ते स्वतः इंग्रजी उत्तम जाणत. हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोकून घेतली होती. शब्दास नेमका प्रतिशब्द शोधण्याची सवय भीमरावांना या पाठमालेने लावली. मुंबईस आल्यावर मुलाचे वाचन वाढले, शाळेच्या पुस्तकांनी त्याची भूक भागेना, आणि तो नवनव्या ग्रंथांचा हट्ट धरू लागला. पेन्शनीत एवढ्या मोठ्या कुटुंबाचा उदरनिर्वाह कसाबसा होई. परंतु पुस्तकाचे नाव निघाले की सुभेदार डोक्यास पागोटे बांधून घराबाहेर पडत. त्यांच्या दोन विवाहित मुली मुंबईतच होत्या. एकीजवळ पैसे नसले तर दुसरीकडे जावयाचे, आणि तिच्याजवळही नसले तर तिचा एखादा दागिना मागून घ्यावयाचा, तो गहाण ठेवावयाचा व पुस्तक घेऊन यावयाचे. पेन्शन हाती आली म्हणजे दागिना सोडवून मुलीस परत. पुढचे पुस्तक हवे झाले की तोच दागिना पुन्हा सावकाराकडे जाई. या दोन बहिणींची नावे इतिहासात फारशी कोणी घेत नाही. परंतु बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहातील पहिली पुस्तके त्यांच्याच अंगावरील सोन्यातून आलेली होती.

भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कुलात घालण्यात आले. त्यांच्या मनात संस्कृत शिकावयाचे होते. परंतु महाराच्या मुलास संस्कृत शिकविण्यास शिक्षकांनी नकार दिला, तेव्हा नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. फारसीत त्यांनी चांगले गुण मिळविले. पण संस्कृतची हुरहूर राहिलीच, आणि पुढे मोठेपणी त्यांनी ती भाषा स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. घरी जागा नव्हती. बागेत निदान बाक होते व उजेड होता. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक विद्वान शिक्षक रोज येत. विल्सन हायस्कुलात ते शिकवीत असत, आणि मराठीत त्यांनी चरित्रग्रंथ लिहिले होते. रोज त्याच वेळी एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी विचारपूस केली, आणि मग त्यास वाचावयास ग्रंथ देऊ लागले. भीमराव १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या समाजातील लोकांना अपूर्व आनंद झाला व त्यांनी सभा भरवून त्यांचा सत्कार केला. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट म्हणून दिले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पडलेले ते पुस्तक त्याच्या मनात किती खोल रुजले, हे पुढे सर्वांनाच दिसून आले.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश झाला खरा. परंतु इंटरनंतर सुभेदारांची शक्ती संपली. शिक्षण थांबणार, असा प्रसंग आला. पुन्हा केळुसकर गुरुजीच धावून आले. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड मुंबईस आले असता गुरुजींनी भीमरावांना त्यांच्यापुढे नेऊन उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले. उत्तरे ऐकून ते संतुष्ट झाले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. महाविद्यालयातील प्राध्यापक म्यूलर यांनीही त्यांना वाचावयास आपले ग्रंथ दिले, अंगावर घालावयास आपले कपडे दिले. वडील, बहिणी, गुरुजी, महाराज आणि एक परदेशी प्राध्यापक, इतक्यांचे हात लागले तेव्हा एका गरीब विद्यार्थ्याची बी. ए. पूर्ण झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार निवर्तले.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी भीमरावांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव घातले. तेथे त्यांना शिवू नका म्हणणारे कोणी नव्हते; ग्रंथालयाची दारे उघडी होती, आणि हवा तो विषय शिकण्याची मुभा होती. या मुभेचा त्यांनी घेतलेला उपयोग पाहिला म्हणजे मन थक्क होते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ असे अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पुरे केले. शिवाय फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यास वेगळाच. एका विषयातील प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्या विषयात सापडते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली होती. रुपयाचा भाव, जातीची उत्पत्ती, सरकारचा खजिना, शेतकऱ्याची जमीन, अशा निरनिराळ्या प्रश्नांवर पुढे त्यांनी अधिकाराने लिहिले, त्याची बैठक येथे तयार झाली. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयी प्रबंध सादर केला.

शिष्यवृत्तीतून त्यांना घरीही पैसे पाठवावे लागत. त्यांच्या पत्नी रमाबाई मुंबईस अत्यंत ओढाताणीत दिवस काढीत होत्या. तरीही न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांपुढून जाताना भीमरावांचा पाय अडखळे. जेवणात काटकसर करून त्यांनी तेथे सुमारे २,००० जुने ग्रंथ जमविले. ते ग्रंथ हिंदुस्थानात आणावे म्हणून एका मित्राच्या स्वाधीन केले. त्यांपैकी पुष्कळ त्यांना पुन्हा दिसलेच नाहीत.

ग्रंथांच्या बाबतीत दैव त्यांच्यावर रुसलेले होते असेच म्हणावे लागते. १९१६ साली ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू होतो न होतो तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परत फिरावे लागले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. सामानाच्या पेट्या त्यांनी दुसऱ्या जहाजाने पाठविल्या होत्या. ते जहाज शत्रूच्या पाणतीराने बुडाले, आणि लंडनला जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. कंपनीने नुकसानभरपाई दिली. परंतु समासांत टिपणे केलेल्या पुस्तकांची भरपाई पैशाने कशी होणार?

परदेशातील पदव्या घेऊन ते कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर गेले. तेथे या विद्वान अधिकाऱ्यास राहावयास कोणी घर देईना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी कशीबशी जागा मिळविली, तर थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. जागा तत्काळ सोडणे भाग पडले. बडोद्याच्या सार्वजनिक बागेत एका झाडाखाली ते कितीतरी वेळ बसून होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. चर्नी रोडच्या बागेतील बाकापासून या झाडापर्यंत केवढा अभ्यास झाला होता! पण राहावयास एक खोली मिळत नव्हती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप तेथील काही सहकाऱ्यांनी घेतला. विद्यार्थ्यांचे मत मात्र निराळे होते. त्यांची व्याख्याने इतकी तयारीची असत की, दुसऱ्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून ती ऐकावयास येत. पगार दरमहा ४५० रुपये होता. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत ते राहत. त्यांतील एक संसारास व दुसरी ग्रंथांस दिलेली होती. पगारातील मोठा भाग ते शिल्लक टाकीत, कारण लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. ही शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

लंडनमधील त्यांचा दिनक्रम आज अविश्वसनीय वाटेल. ज्या बाईंच्या घरी ते राहत, त्या फार कडक व हात राखून वाढणाऱ्या होत्या. सकाळी पावाचा तुकडा, माशाचा लहानसा काप आणि एक पेला चहा घेऊन ते बाहेर पडत व ब्रिटिश म्यूझियमचे दार उघडताच आत शिरत. दुपारचे जेवण नाही. पहारेकरी उठवावयास येईपर्यंत ते जागेवरून हलत नसत. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली म्हणजे एका हिंदी स्नेह्याने दिलेल्या पापडांपैकी चार पापड तव्यावर भाजून घ्यावयाचे आणि पुन्हा वाचावयास बसावयाचे. त्यांच्याच खोलीत अस्नोडकर नावाचे एक गृहस्थ राहत. रात्री जाग येऊन ते पाहत, तो दिवा जळतच असे. झोपा आता, असे ते विनवीत. परंतु भीमराव आपल्यापाशी पैसा व वेळ दोन्ही थोडी आहेत असे सांगून पान उलटीत. परळच्या खोलीत वडिलांनी लावलेली सवय अशी लंडनपर्यंत पोहोचली होती.

१९२३ साली ते बॅरिस्टर होऊन स्वदेशी परतले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधास लंडन विद्यापीठाने त्याच वर्षी डी. एस्सी. ही पदवी दिली. आता त्यांना पुस्तकांसाठी कोणापुढे हात पसरण्याची गरज नव्हती. परंतु आपल्यामागून येणाऱ्या मुलांची स्थिती त्यांना पक्की ठाऊक होती. प्रत्येक मुलाच्या वाट्यास रात्री जागणारे सुभेदार थोडेच येणार? प्रत्येक बागेत केळुसकर गुरुजी थोडेच भेटणार?

२० जुलै १९२४ रोजी त्यांनी मुंबईस बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दलित समाजात विद्येचा प्रसार करणे, त्यासाठी वसतिगृहे, वाचनालये व अभ्यासमंडळे काढणे, असे तिचे हेतू होते. पुढील वर्षाच्या जानेवारीतच सोलापूर येथे हायस्कुलातील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांना राहावयास जागा, जेवण, कपडे व अभ्यासाचे साहित्य तेथे मिळे. मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे एक मासिकही चालविले. मुंबईस मोफत वाचनालय उघडण्यात आले. याच सुमारास बाबासाहेब स्वतः बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग घेत, कारण वकिलीवर घर चालण्याजोगी मिळकत अद्याप होत नव्हती. १९२८ पासून ते सरकारी विधी महाविद्यालयात शिकवू लागले, आणि १९३५ साली तेथेच प्राचार्य झाले.

त्यांच्या सार्वजनिक जीवनातील थोर घटना सर्वांना परिचित आहेत. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन त्यांनी सर्वांचा समान हक्क प्रस्थापित केला. गोलमेज परिषदांत ते बोलले. स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. या धकाधकीतही ग्रंथांचे वेड सुटले नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ नावाचे घर बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठीच. कपाटे कोठे राहतील, उजेड कोठून येईल, याचा विचार करून त्यांनी नकाशा स्वतः आखला होता. पाहुण्यास ते मनसोक्त गप्पांचा लाभ देत. ग्रंथ मात्र घरी नेऊ देत नसत. समुद्रात पेट्या गमावलेल्या माणसाचा हा हट्ट क्षम्यच मानावयास हवा.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. सत्ता हाती येताच त्यांनी सरकारपुढे उच्च शिक्षणाचा प्रश्न मांडला. दलित विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी केंद्र सरकारने दरसाल ३ लाख रुपये मंजूर केले, आणि काही विद्यार्थी परदेशीही पाठविले गेले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. एकेकाळी एका महाराजांच्या मर्जीवर जे अवलंबून होते, ते आता सरकारच्या नियमात येऊन बसले. मर्जी आणि नियम यांतील अंतर फार मोठे आहे. मर्जी एखाद्या भीमरावास लाभते. नियमाचा लाभ ज्याचे नावही कोणाला माहीत नाही अशा मुलास मिळतो.

परंतु शिष्यवृत्ती मिळाली तरी एक अडचण उरतेच. ती समजण्यासाठी त्या काळचे एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. माथेरानच्या पायथ्याचे नेरळ घ्या. गावास आगगाडीचे स्टेशन आहे, डोंगरावर चढणारी छोटी गाडी १९०७ पासून आहे. परंतु १९४६ साली नेरळ, कर्जत किंवा खोपोली येथील मुलास मॅट्रिकनंतर शिकावयाचे झाले, तर जवळपास महाविद्यालय नव्हते. मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. मुंबईस जाऊन राहावयाचे तर खर्च हवा. खर्च भागवावयाचा तर नोकरी हवी. आणि नोकरी धरली तर महाविद्यालय आणि कचेरी यांच्या वेळा एकच. मग शिक्षण सुटे. गावोगावची कितीतरी हुशार मुले अशा रीतीने मॅट्रिक होऊन कारकुनीत अडकून पडत.

बाबासाहेबांनी या अडचणीवर नेमके बोट ठेवले. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही संस्था स्थापन केली, आणि २० जून १९४६ रोजी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. या महाविद्यालयाचे वर्ग सकाळी लवकर भरत व कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास सुटत. पहाटे उठून वर्गात यावे, तेथूनच कामावर जावे आणि दिवसाच्या पगारावर घर चालवावे, अशी सोय झाली. पहाटेची वेळ अभ्यासास किती उपयोगी, हे ज्यांना लहानपणापासून ठाऊक होते त्यांनाच ही कल्पना सुचावी, हे स्वाभाविक होते. महाविद्यालयाचे दार सर्व जातींच्या व धर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडे होते. प्राध्यापक निवडताना विद्वत्ता हीच कसोटी ठेवण्यात आली. पहिले प्राचार्य म्हणून अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर यांना बोलावण्यात आले. ते संस्कृतचे नामांकित पंडित होते. ज्यास शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते, त्या विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाची धुरा संस्कृतच्या पंडिताच्या हाती दिली! आणि महाविद्यालयास नाव दिले सिद्धार्थ. हे गौतम बुद्धाचे पूर्वायुष्यातील नाव. केळुसकर गुरुजींचे पुस्तक हाती पडल्यास तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती.

पुढे फोर्ट भागात महाविद्यालयाच्या स्वतःच्या इमारती झाल्या. ग्रंथालयाकडे बाबासाहेबांचे लक्ष सर्वांत अधिक असे. कोठे एखाद्या विद्वानाचा संग्रह विकावयास निघाला असे कळले, की तो महाविद्यालयासाठी मिळविण्याची त्यांची खटपट सुरू होई. महाविद्यालयात विद्यार्थ्यांची एक प्रतिसंसद होती. खऱ्या संसदेप्रमाणे तेथे विधेयके मांडली जात, वाद होत, मतदान होई. जानेवारी १९५० मध्ये, कायदेमंत्री असताना, बाबासाहेबांनी या प्रतिसंसदेपुढे हिंदू कोड बिलाचे विवेचन केले. देशभर ज्या विधेयकावरून वादळ उठले होते, ते समजावून सांगण्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांसमोर उभे राहणे पत्करले, यावरून विद्यार्थ्यांच्या बुद्धीविषयी त्यांना किती आदर होता हे कळते.

मुंबईनंतर त्यांची दृष्टी मराठवाड्याकडे वळली. निजामाच्या राज्यात हा भाग शिक्षणात फार मागे पडला होता, आणि पदवीपर्यंत शिकावयाचे तर बहुधा हैदराबाद गाठावे लागे. १९५० च्या जूनमध्ये औरंगाबाद येथे सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. हेच शहर आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्या जागी माळरान होते. तेथे बाबासाहेबांनी झाडे लावून घेतली, आणि बांधकामाकडे घरच्या बांधकामाप्रमाणे जातीने लक्ष दिले. मुंबई व दिल्ली यांमधून सवड काढून ते तेथे येऊन राहत. खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना होती; कारण खेड्यातील मुलास महाविद्यालयाच्या आधी निवारा लागतो. या महाविद्यालयाचे नाव पुढे मिलिंद असे झाले. मिलिंद हा प्राचीन काळचा ग्रीक राजा. नागसेन नावाच्या बौद्ध भिक्षूस त्याने एकामागून एक अवघड प्रश्न विचारले आणि समाधान होईपर्यंत विचारीतच राहिला, अशी कथा आहे. विद्यार्थ्याने असेच विचारावे, अशी बाबासाहेबांची इच्छा होती. महाविद्यालयाच्या परिसरास नागसेनवन म्हणतात.

मुंबईस १९५३ साली वाणिज्य व अर्थशास्त्राचे आणि १९५६ साली कायद्याचे महाविद्यालय निघाले. बाबासाहेबांची प्रकृती तोवर पार ढासळली होती. मधुमेह बळावला होता, दृष्टी मंदावली होती, आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ ते पुरा करीत होते. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या निवासस्थानी त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद पुन्हा नजरेखालून घालण्यासाठी जवळ मागून घेतले. ६ डिसेंबर १९५६ रोजी सकाळी ते अंथरुणात निधन पावलेले आढळले. त्यांचा देह विमानाने मुंबईस आणण्यात आला व दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले.

ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. घरी आलेल्या पाहुण्यास जे पुस्तक नेऊ देत नसत, त्या बाबासाहेबांच्या स्वतःच्या संग्रहातील कितीतरी ग्रंथ सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. त्यांच्या समासांत बाबासाहेबांनी ओढलेल्या लाल व निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत.